व्हॉल्व्ह कुठे बसवलाय, ते आधी बघा

प्रश्न : मी ३१ वर्षांचा, चिंचवडला एका कारखान्यात नोकरीला आहे. नऊ वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय. एकटा असलो की ब्लूज, मित्रांच्या बँडमध्ये जुनी हिंदी गाणी. बी. बी. किंग माझं दैवत. टू-बीएचके फ्लॅटमध्ये आई-बाबा, बायको आणि आठ महिन्यांची मुलगी. वाजवायला वेळ मिळतो तो रात्री साडेनऊ-दहानंतरच. रविवारी तासावर मिळणाऱ्या जॅमरूममध्ये सराव, वर्षाला चार-पाच कार्यक्रम. आता स्वतःचा ॲम्प घ्यायचाय. न्यू जर्सीचा मावसभाऊ दिवाळीत येतोय. त्याच्याकडे फेंडरचा '६५ डिलक्स रिव्हर्ब रीइश्यू आहे, म्हणजे जुन्या ॲम्पची नवी आवृत्ती, २२ वॅटचा, पूर्ण व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्या). तो मला द्यायला तयार आहे. दुसरा पर्याय व्हॉक्सचा व्हीटी-४०एक्स हा हायब्रिड, म्हणजे व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर दोन्ही असलेला. मावसभाऊ मागतोय त्याच्या निम्म्या पैशांत तो येतो. मित्र म्हणतात, हायब्रिड म्हणजे दाखवण्यापुरता व्हॉल्व्ह. बाबांचं साताऱ्याला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ते म्हणतात, ‘त्या काचांच्या कटकटीतून आम्ही सुटलो, तू परत घरात आणू नकोस.’ मागच्या वर्षी कंपनीच्या कामाने अमेरिकेला गेलो तेव्हा तो डिलक्स तासभर वाजवला होता. तेव्हापासून तो हाताखालून जात नाही. आणि पुढे व्हॉल्व्ह मिळायचेच बंद झाले तर? काय करू? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : निकाल आधी सांगतो. सध्या हायब्रिड घ्या. डिलक्स रिव्हर्ब आणू नका.

हे मला सहज सांगता येत नाहीये. तीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलं, त्यातली बहुतेक व्हॉल्व्हच्या ॲम्पवर. त्या तासाभरात तुमच्या हाताखाली जे घडलं ते खरं होतं, तो मनाचा खेळ नव्हता. म्हणून आधी ते नेमकं काय होतं, त्याबद्दल बोलू. ते कळलं की निर्णय सोपा होतो.

कुठल्याही ॲम्पला एक मर्यादा असते. तिच्यापलीकडे आवाज मागितला की लाटेचा माथा कापला जातो. साधा ट्रान्झिस्टर ती मर्यादा येईपर्यंत सरळ वागतो आणि आली की सुरीने कापावं तसा माथा सपाट करतो. कानाला ते कचकचीत लागतं. व्हॉल्व्ह मर्यादेच्या बराच आधीपासून दबायला लागतो. हळू छेडलं तर स्वच्छ, जोरात छेडलं तर किंचित खरखरीत, आणि या दोन टोकांच्या मध्ये शंभर छटा. व्हॉल्यूमला हात न लावता नुसत्या बोटांनी तुम्ही आवाज बदलत होता तो इथे. शिवाय त्या डिलक्समध्ये रेक्टिफायरही, म्हणजे एसी विजेची डीसी करणारा भागही, व्हॉल्व्हचाच आहे. सगळ्या तारांवर एकदम जोरात हात मारला की आतलं व्होल्टेज क्षणभर खाली येतं आणि परत चढतं. सूर आधी दबतो, मग फुलतो. इंग्रजीत या दबण्याला ‘सॅग’ म्हणतात, आणि ब्लूज वाजवणाऱ्याला त्याची चटक लागते.

तिसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात. व्हॉल्व्हचा पॉवर ॲम्प, म्हणजे शेवटची ताकद देणारा भाग, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकर हलवतो, आणि स्पीकरवर त्याची पकड सैल असते. स्पीकरची स्वतःची एक खालची गुंज असते, तशी वरच्या पट्टीतही एक चमक असते. सैल पकडीमुळे ही दोन्ही मोकळी सुटतात. साध्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये पकड घट्ट असते, म्हणून तोच स्पीकर तिथे चपटा वाटतो. तुम्ही तासभर ऐकलंत ते व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर अशा तिघांचं मिळून झालेलं बोलणं होतं.

आता माझा प्रश्न. त्या दिवशी व्हॉल्यूम किती होता? माझा अंदाज, दहापैकी चार-पाचच्या पुढे. न्यू जर्सीच्या घरात, बहुधा तळघरात, ते चालून गेलं असेल. या ॲम्पचा आवाज चारच्या आसपास फुटायला लागतो. त्याच्या खाली तो सुंदर, स्वच्छ, घंटेसारखा वाजतो, पण तुमची झोप उडवणारं जे काही आहे ते तिथे नसतं.

थोडं गणित करू. अशा ॲम्पमधला बारा इंची स्पीकर एका वॅटला, एक मीटरवर, साधारण ९७ डेसिबल आवाज देतो. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, दहापट केले की १०. म्हणजे २२ वॅटला ११० डेसिबलच्या आसपास. ढोल-ताशाच्या पथकाजवळ उभं राहिल्यासारखं. उलट्या बाजूने मोजा. घरात टीव्ही जरा मोठा लावल्यासारखा, ७७ डेसिबल आवाज हवा असेल तर किती वॅट लागतील? एक शतांश वॅट. रात्री दहाला, शेजारच्या खोलीत बाळ झोपलेलं असताना, तुम्ही तेवढंही वाजवणार नाही. कायद्याने निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि कायदा नसता तरी वरच्या मजल्यावरच्या काकूंचं दार वाजलंच असतं. २२ वॅटचा ॲम्प शतांश वॅटवर चालवायचा म्हणजे त्याचे दोन्ही ६व्ही६, म्हणजे पॉवर व्हॉल्व्ह, झोपलेलेच राहणार. ना दबणं, ना फुलणं. ज्यासाठी दुप्पट पैसे मोजणार, ते घरात एकदाही ऐकू येणार नाही.

यावर ‘मग पाच वॅटचा छोटा व्हॉल्व्ह ॲम्प घेऊ का?’ असं तुम्ही विचाराल. वरचंच गणित लावा. २२ चे ५ केले तर जेमतेम साडेसहा डेसिबल कमी होतात. १०४ डेसिबलसुद्धा फ्लॅटमध्ये चालणारे नाहीत. ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये अटेन्युएटर बसवता येतो, तो जास्तीची ताकद उष्णतेत जिरवतो. मी वापरलाय. थोडा उतारा असेल तर छान चालतो, पण ११० वरून ६० वर आणायचं म्हटलं की स्पीकर हलतच नाही, आणि ज्या सैल पकडीबद्दल वर बोललो तिची सगळी मजा जाते.

आता मित्रांच्या आरोपाकडे येतो. ‘दाखवण्यापुरता व्हॉल्व्ह’ हे काही ॲम्पांच्या बाबतीत शब्दशः खरं आहे. अतिशय कमी व्होल्टेजवर एक व्हॉल्व्ह लावायचा, मागे नारिंगी एलईडी पेटवायचा आणि पुढे काचेची खिडकी ठेवायची, असा माल मी उघडून पाहिलाय. पण ‘हायब्रिड’ या एका शब्दाखाली निरनिराळी यंत्रं विकली जातात. म्हणून व्हॉल्व्ह आहे का, एवढंच विचारून भागत नाही. कुठे बसवलाय, ते विचारायचं. सत्तरच्या दशकात म्युझिक मॅन कंपनीने पुढचा भाग ट्रान्झिस्टरचा आणि शेवटची ताकद व्हॉल्व्हची अशी जोडी लावली होती. त्या कंपनीमागे खुद्द लिओ फेंडर होते, फेंडर कंपनी काढणारे. १९९१ च्या मार्शल व्हॉल्व्हस्टेटमध्ये बरोबर उलटं होतं, पुढे ईसीसी८३ नावाचा एक छोटा व्हॉल्व्ह आणि मागे ट्रान्झिस्टर. व्हॉक्सच्या पहिल्या व्हॉल्व्हट्रॉनिक्समध्ये तर छोट्या व्हॉल्व्हचाच एक चिमुकला पॉवर ॲम्प केला होता, ट्रान्सफॉर्मरसकट, आणि त्याचा आवाज पुढे ट्रान्झिस्टरने मोठा केला होता. मला ती कल्पना आजही फार हुशारीची वाटते. आणि २०१५ मध्ये कोर्गने, म्हणजे ज्यांच्याकडे आज व्हॉक्स आहे त्या कंपनीने, नोरिटाके या जपानी कंपनीबरोबर न्यूट्यूब काढली. जुन्या म्युझिक सिस्टिमवर हिरवट-निळे आकडे चमकायचे ना, त्याच तंत्राने बनवलेला हा चपटा व्हॉल्व्ह.

तुम्ही बघताय त्या व्हीटी-४०एक्समध्ये एक १२एएक्स७ व्हॉल्व्ह आहे, प्रीॲम्पमध्ये, म्हणजे पुढच्या भागात. जुन्या ॲम्पांच्या तऱ्हा डिजिटल पद्धतीने उतरवलेल्या आहेत आणि शेवटची ताकद ट्रान्झिस्टरची. त्याला व्हॉल्व्हचा ॲम्प म्हणून घेऊ नका, निराश व्हाल. तुमच्या रात्री साडेनऊनंतरच्या तासाभरासाठी उत्तम यंत्र म्हणून घ्या. फुटलेला, दाटलेला आवाज त्यात व्हॉल्यूमच्या आधीच तयार होतो, त्यामुळे कुजबुजण्याइतक्या आवाजातही तो हाती येतो. मागे ताकद कमी-जास्त करायचं बटण आहे. हेडफोनची सोय आहे, आणि आठ महिन्यांच्या मुलीच्या बापाला त्या एका भोकाची किंमत मी सांगायला नको. सॅग मात्र त्यात नक्कल केलेला आहे. बोटांना फरक कळेल. पहिला आठवडा फार कळेल, नंतर कमी.

तुमच्या दैवताबद्दलही एक सांगतो. बी. बी. किंग कित्येक वर्षं लॅब सीरीज एल-५ वर वाजवत होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरचा हा ॲम्प पूर्ण ट्रान्झिस्टरचा, एकही व्हॉल्व्ह नसलेला. ब्लूजमधलेच दुसरे मोठे गिटारवादक अल्बर्ट किंग यांनी अकूस्टिक कंपनीचे ट्रान्झिस्टर ॲम्प वापरले. म्हणून ट्रान्झिस्टरच चांगला, असं मी म्हणत नाही. पण ‘व्हॉल्व्हशिवाय ब्लूज नाही’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर बी. बी. कशावर वाजवत होते ते त्याला विचारा. त्यांचा तो डाव्या हाताचा झुलवा स्पीकरच्या खूप अलीकडे, बोटाच्या पेरात जन्मायचा.

आता डिलक्सच्या विरोधातली बाकीची कारणं. यातलं पहिलं गंभीर आहे, सावकाश वाचा. मावसभावाचा ॲम्प १२० व्होल्टचा असणार. आपल्याकडे २३० आहे. नुसता प्लग बदलून लावला तर नशीब असेल तर फ्यूज जाईल, नसेल तर ट्रान्सफॉर्मर. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, किमान ३०० व्हीएचा, आणि तोही अर्थिंग पुढे नेणारा. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त स्टेप-डाउनच्या पुढच्या सॉकेटला अर्थिंगची जोडणीच नसते. ॲम्पला अर्थ नाही, हातात धातूच्या तारांची गिटार, समोर ओठाला टेकणारा माइक : ही जोडणी मी कोणालाही करू देणार नाही. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०, त्यामुळे फक्त तिकडच्यासाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर इथे जरा जास्तच तापतो. वर ॲम्प १९ किलोचा. खोक्यासकट मावसभावाच्या एका बॅगेचं २३ किलोचं वजन तिथेच संपतं.

दुसरं कारण तुमची मुलगी. या ॲम्पची मागची बाजू बरीचशी उघडी असते आणि व्हॉल्व्ह आत वरून खाली लोंबतात. तासभर वाजवल्यावर पॉवर व्हॉल्व्हच्या काचेला बोट टेकवून बघा म्हणणार नाही, पोळेल. रांगणाऱ्या मुलाच्या हाताच्या उंचीवर ते येतं.

तिसरं, देखभाल. चांगला वाजता राहिला तर पॉवर व्हॉल्व्हची जोडी वर्ष-दोन वर्षांनी बदलावी लागते, जुळवून घेतलेली, आणि बदलली की बायस, म्हणजे सूर नसतानाही व्हॉल्व्हमधून वाहणारा करंट, सेट करून घ्यावा लागतो. प्रीॲम्पचे व्हॉल्व्ह कित्येक वर्षं चालतात. तुमची ‘मिळायचेच बंद झाले तर’ ही भीती निराधार नाही. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने निर्यातीवर बंधनं घातली तेव्हा सगळीकडे पळापळ झाली होती, कारण इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, सोव्हटेक, टुंग-सोल अशा अनेक नावांचे व्हॉल्व्ह सारातोव्हच्या एकाच कारखान्यातून येतात. माल पुन्हा सुटला, किमती मात्र चढल्या. स्लोव्हाकियात जेजे या कंपनीचा कारखाना चालू आहे, चीनमध्येही व्हॉल्व्ह बनतात. ६व्ही६ आणि १२एएक्स७ हे गिटारवाल्यांचे रोजचे आकडे आहेत, ते इतक्यात नाहीसे होणार नाहीत. पण एके काळी आपल्याच बंगळुरूत भारत इलेक्ट्रॉनिक्स रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायची. बाबांच्या दुकानात ‘बेल’ लिहिलेली खोकी नक्की असणार. ते दिवस गेले. आता प्रत्येक व्हॉल्व्ह बाहेरून येतो.

मला याची किंमत एका गणपतीत कळली. तालुक्याच्या गावी कार्यक्रम होता, मंडळाच्या जनरेटरवर. माझ्याकडे तेव्हा चार ईएल८४ पॉवर व्हॉल्व्हवाला जुना ॲम्प होता. मध्यंतरानंतर कोणीतरी रोषणाईचा अर्धा लोड काढला, आणि जनरेटरचं व्होल्टेज चढलं असावं. गाणं चालू असताना गरम धुळीचा आणि वार्निशचा वास आला. मागे वळून पाहिलं तर चारांतल्या एका व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लाल झाला होता. तळाशी नेहमी दिसणारा तो मंद नारिंगी ठिपका वेगळा. इथे अख्खा करडा पत्रा चुलीवर राहिलेल्या उलथन्यासारखा लालबुंद होता. त्याच क्षणी स्विच बंद करायला हवा होता. अंतऱ्याच्या दोन ओळी उरल्या होत्या, मी त्या वाजवल्या. दुसरी ओळ संपायच्या आत आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला. तो मुंबईत लॅमिंग्टन रोडवर परत गुंडाळून घ्यायला तीन आठवडे लागले, आणि नंतरचा आवाज पहिल्यासारखा कधी झाला नाही. म्हणून, आयुष्यात कधीही व्हॉल्व्हचा ॲम्प घेतलात तर दोन गोष्टी पाळा. पत्रा लाल दिसला की सूर अर्धवट सोडून स्विच बंद. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प कधीही चालू करायचा नाही.

हायब्रिडचीही एक काळी बाजू सांगायलाच हवी. तो बिघडला तर आत बारीक-बारीक सुटे भाग चिकटवलेला बोर्ड असतो. गल्लीतला मेकॅनिक त्याला हात लावत नाही, आणि दहा वर्षांनी कंपनीकडे तो बोर्ड असेलच असं नाही. विकायला गेलात तर भाव पडलेला असतो. डिलक्सचं तसं नसतं. पण रीइश्यूतही छापील सर्किट बोर्डच आहे, साठच्या दशकातल्या हाताने जोडलेल्या अस्सल ॲम्पसारखा तो आत नाही. त्यामुळे ‘पिढ्यान्‌पिढ्या टिकतो’ ही ख्याती त्याला जशीच्या तशी लावू नका.

पैसे देण्याआधी दुकानात जाऊन ऐका. स्वतःची गिटार आणि स्वतःची कॉर्ड घेऊन जा, मुंबईत धोबीतलावाला गेलात तरी चालेल. दुकानदार सगळे इफेक्ट लावून दाखवतो, ते आधी बंद करायला सांगा. स्वच्छ आवाजावर एकच सूर हळू, मध्यम, जोरात असा छेडा. मग व्हॉल्यूम घरी ठेवता येईल तितका खाली आणा आणि परत तेच करा. या दुसऱ्या वेळी कान काय सांगतात त्यावर ठरवा. व्हॉल्व्हवाल्या हायब्रिडशेजारी एकही व्हॉल्व्ह नसलेला ॲम्प, उदाहरणार्थ बॉसचा कटाना, लावून ऐका. तो जास्त आवडला तर बेलाशक तो घ्या.

माझा सल्ला कधी बदलेल तेही सांगतो. रोज दिवसा तासभर मोकळेपणाने वाजवता येईल अशी जागा मिळाली, किंवा बँड आठवड्याला ड्रमसोबत कार्यक्रम करायला लागला, तर डिलक्स रिव्हर्बसारखा ॲम्प खुशाल घ्या. मात्र २३० व्होल्टचा, इथेच घेतलेला. वाचलेले पैसे त्यासाठी बाजूला ठेवा. वर्षाला चार-पाच कार्यक्रमांना ४० वॅटचा हायब्रिड पुरेल. स्टेजवर त्याच्यासमोर माइक लावायला सांगा.

राहिले बाबा. घरात आणू नकोस, या बोलण्याने तुम्ही दुखावलात, हे पत्रात दिसतं. माझा अंदाज वेगळा आहे. त्यांनी शेकडो व्होल्टचा झटका खाल्लेला असणार. रेडिओ बंद करून, प्लग काढूनही कंडेन्सरमध्ये वीज भरून राहते, ती हातातून कशी जाते हे ज्याला ठाऊक आहे तोच माणूस असं बोलतो. त्यांच्या त्या ‘कटकटी’त पोरगा आणि नात दोघांची काळजी आहे.

बऱ्याच जॅमरूममध्ये एखादा व्हॉल्व्हचा ॲम्प कोपऱ्यात असतो. तुमच्याकडे आहे का, मालकाला विचारा. असेल तर एका रविवारी बँडच्या आधीचा तास फक्त तुमच्यासाठी घ्या आणि बाबांना बरोबर न्या. स्विच टाकल्यावर लगेच वाजवू नका. घरातला रेडिओ तापल्याशिवाय बोलायचा नाही, तसा याही ॲम्पला मिनिटभर द्या, त्यांना मागून काचा पेटताना बघू द्या. मग व्हॉल्यूम पाचवर न्या, दार लावून घ्या आणि तो तास पूर्ण वाजवा. झाल्यावर त्यांना विचारा, दुकानात रेडिओ उघडला की एक हात खिशात का ठेवायचे.